कोरी पट्टी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात गॅसची गळती ओळखणारं यंत्र आहे. ती भेट नाही, तेव्हा ‘कशाला खर्च केलास’ हे वाक्य राखून ठेव. तुझ्याकडे सिलिंडर आहे, तू एकटी राहतेस आणि इमारतींमधून अशी यंत्रं बसवण्याचा, बसवलेली तपासण्याचा मला पगार मिळतो. आपल्याच घरी नसावं हे बरं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात यंत्र छताजवळ लावलेलं सापडलं. तिथे ते शोभून दिसतं, असं बसवणाऱ्याचं म्हणणं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. छतावरच्या यंत्राला त्याची बातमी सगळ्यात शेवटी लागणार. म्हणून तुझं यंत्र जमिनीपासून वीतभर वर, शेगडीजवळ, पण ओट्याखाली कोंडलेलं नको, असं लावून घे. वायरमनला हे पत्रच दाखव. तो हसेल. हसू दे.

हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. लाल दिवा आणि कर्कश आवाज म्हणजे गॅस. अशा वेळी विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही. खिडकी उघडायची, सिलिंडर बंद करायचा आणि बाहेर पडायचं.

मामाचा फोन आला होता. तू नोकरी आणि घर सोडून त्याच्याकडे राहायला जावंस, यासाठी मी तुला समजवावं अशी त्याची इच्छा आहे. मी नाही म्हणाले. हिवाळ्यातला ताप पूर्ण गेला का, तेवढं मात्र कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, कमी होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

१३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

फोनवर तू तारेच्या भाषेत बोलतेस, म्हणून पत्रच बरं. यंत्र पोचलं, बसलं आणि बसल्या दिवसापासून ओरडायला लागलं. वायरमनला तुझं पत्र वाचून दाखवलं. भाची आहे की फौजदार, असं त्याने विचारलं. पण वीत कोणाची, माझी की त्याची, हे विचारून मगच बिचाऱ्याने भोक पाडलं.

आता तक्रार ऐक. रोज पहाटे हे बोंब ठोकतं. मी धडपडत उठते, खिडकी उघडते आणि थोड्या वेळाने स्वारी गप्प. म्हणजे सगळं सोंग खिडकीसाठी. माझ्या सासूबाई अशाच होत्या, कोणी खिडकी उघडेपर्यंत कण्हायच्या. मी गुडघे टेकून शेगडी हुंगली, नळी हुंगली, सिलिंडरला प्रदक्षिणा घालून तोही हुंगला. काही म्हणता काही नाही. आमच्या साबणाचा नवा लॉट निघाला की छाप पडण्याआधी तो माझ्या नाकाखालून जातो. अख्खा कारखाना या नाकावर चालतो आणि तुझं मुठीएवढं डबडं मला शहाणपण शिकवणार? शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या मते तर असली यंत्रं समोरून झुरळ गेलं तरी ओरडतात. शेवटी परवा त्याची वायर काढली आणि त्याला फडताळात झोपवलं.

ताप कधीच गेला. जेवण अजून कागद चावल्यासारखं लागतं, पण वयाने असं होतंच.

नेहमीसारखी नव्या लॉटवर घासलेली कागदाची पट्टी पाकिटात घातली आहे. ही लिंबाची. लहानपणी डोळे मिटून सगळे वास ओळखायचीस. शिकलीस आणि नाकाची रया गेली, म्हणून हल्ली नाव लिहून पाठवावं लागतं.

यंत्र ओरडतं हे मामाला सांगू नकोस. तो टेम्पो घेऊनच येईल आणि सामानाबरोबर मलाही उचलेल.

माया पातळ करू नकोस.

तुझी मावशी

१९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचल्या वाचल्या फोन केलाच होता. तरी पुन्हा लिहिते, कारण फोनवर तू ‘हो हो’ म्हणालीस आणि तुझं दुहेरी ‘हो’ मी ओळखते.

यंत्र चुकतं का? चुकतं. जवळ स्पिरिट सांडलं किंवा डासांचा फवारा मारला तरी काही यंत्रं ओरडतात. पण खिडकी उघडल्यावर गप्प होणारं यंत्र सोंग करत नसतं. हवा बदलली की त्याचं काम संपतं, एवढंच.

तेव्हा ते फडताळातून काढून परत लाव. शेगडीचं काम झालं की प्रत्येक वेळी सिलिंडर बंद कर. आणि वाटीभर साबणाचं दाट पाणी करून नळीला आणि तिच्या दोन्ही जोडांना लाव. गळती असेल तिथे बुडबुडे येतील. काडी पेटवून बघायचं नाही, हे तुला सांगायची गरज नसावी. सांगते.

तुझी पट्टी मिळाली.

आमच्या कचेरीत फरशी पुसायला नवं औषध आणलं आहे. कोणी म्हणतं हा वास, कोणी म्हणतं तो. एका पट्टीवर थेंब टाकून पाठवते. तुझा निकाल कळव.

पत्राचं उत्तर आणि लोभ, दोन्ही वेळेवर असू दे.

तुझी भाची

२६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

निकाल लिहून घे. तुमच्या औषधात गुलाब आहे, वर किंचित कापूर. गुलाबही स्वस्तातला, दुपारपर्यंत उडून जाणारा. कचेरीत सांग, फसलात म्हणावं.

साबणाच्या पाण्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. जन्मभर मी साबणाची पारख केली, आता साबणाने माझी करायची? सिलिंडर रात्री बंद करते. बहुतेक वेळा करते. यंत्र फडताळात सुखाने झोपलं आहे आणि त्यामुळे मीही.

काल एक गंमत झाली. ओट्यापाशी बसून मासिक वाचत होते आणि शेगडीवर दूध करपून कोळसा झालं. शिवणवाल्या काकू अंगणातून ओरडल्या तेव्हा कुठे पत्ता लागला. गोष्टच तशी रंगली होती. पातेलं अजून घासते आहे.

मामाचे रोज फोन. वय झालं की माणसाने कोणाच्या तरी नजरेखाली राहावं, असं त्याचं टुमणं. मी म्हटलं, माझ्या नजरेखाली अख्खा कारखाना राहतो, माझी काळजी कसली करतोस.

तुझ्या कोरड्या पत्रांतही मी ओलावा शोधते, याची जाणीव असू दे.

तुझी मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आवडणार नाही.

पट्टी कोरी होती. नव्या गठ्ठ्यातून चिमट्याने काढून मी ती पाकिटात घातली. गुलाब नव्हता, कापूर नव्हता, फरशीचं औषधही नव्हतं. आणि तू पाठवलेल्या पट्टीवर तू ‘लिंबू’ लिहिलं होतंस, तिला मोगऱ्याचा वास होता. एकाच नोंदीवरून मी निष्कर्ष काढत नाही, म्हणून दुसरी घेतली. करपलेलं दूध ही तिसरी. ती तू न मागता दिलीस.

काल तुझं पत्र मिळताच शिवणवाल्या काकूंना फोन केला आणि तुझ्याकडे जाऊन सिलिंडर बंद करायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी नंतर मला कळवलं की स्वयंपाकघराच्या दारातच त्यांनी पदर नाकाला लावला. तू आत भाजी चिरत बसली होतीस. शेगडी तेवढी अजून पेटवली नव्हतीस.

या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात. ती सूचना नाकासाठी असते. ज्याच्या नाकाला ती पोचत नाही त्याच्यासाठी यंत्र. यात कमीपणा कसला, मला कळत नाही. चष्मा तर लावतेस.

मामाला मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण नळी तपासून यंत्र परत लागेपर्यंत मी रोज काकूंना फोन करणार आहे. आणि नाक कधीपासून गेलं, ते लिही.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी भाची

११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. लिहायचं मनात नव्हतं, हाताने सवयीने लिहिलं.

तुझं पत्र मी फाडलं. मोजमाप घ्यायला मावशीच सापडली का, असं वाटलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं, कारण मोगऱ्याचं वाक्य डोक्यातून जाईना.

तू मला नापास केलंस, ते गिळलं असतं. पण ज्या लॉटवर ती पट्टी घासली होती, तो मी लिंबू म्हणून पास केला होता. त्याच्यावर लिंबाची छाप पडली होती आणि वड्या फळ्यांवर सुकत होत्या. वेष्टनं तेवढी चढायची होती. छाप मारणारीला शंका आली होती, हे आता कळलं. पण माझ्या नाकापुढे बोलणार कोण? तुझं यंत्र निदान ओरडलं तरी.

तर ऐक. हिवाळ्यातल्या तापापासून. एके सकाळी उठले आणि साबण म्हणजे नुसता दगड. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहिली. कधी रंग बघून, कधी इतरांचे चेहरे बघून निभावत होते. तुझ्या कोऱ्या पट्टीला गुलाब म्हणाले, कारण गुलाब बहुतेक कशातही असतो. नाक नाही म्हटलं तर कारखान्यात मी कोण, आणि मामाला तर तेवढंच हवं. या दोन भीतींपुढे गॅसची भीती लहान वाटली. मूर्खपणा आहे, पण लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. सगळं पाठ करून गेले होते, तोंडातून आलं ते एवढंच: “लिंबाचा लॉट थांबवा, तो मोगरा आहे. आणि माझं नाक गेलंय.” साहेबांनी छापवालीला बोलावलं. तिने वडी हुंगली, खाली बघून मोगरा म्हणाली आणि रडायला लागली. मी नाही रडले.

आता मला वजनाच्या काट्यावर बसवलं आहे. तिथे नाक लागत नाही. हुंगायच्या खुर्चीवर छापवाली. मधूनच येऊन विचारते की अमका वास कसा सांगायचा. शब्द अजून माझ्याजवळ आहेत. डॉक्टरांच्या मते नाक परत येईल किंवा येणारही नाही. इतकं तर मलाही माहीत होतं.

साबणाचं पाणी केलं. सगळी दारं-खिडक्या उघडून, काकूंना पहाऱ्याला उभं करून. सिलिंडरच्या तोंडाशी नळी चिरली होती. तिथे बेडकाच्या गळ्यासारखा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मी बघतच राहिले. त्याच दिवशी नळी बदलली, यंत्र जागेवर गेलं. मामाला मीच फोन करून सगळं सांगितलं आणि वर बजावलं, टेम्पो आणू नकोस, घरात फौजदार आहे. तो अजून धुमसतो आहे, पण आलेला नाही.

एक भीती राहिली, ती फक्त तुला सांगते. माझ्या घराला वास मारतो का, मला मारतो का, हे मला आता कळत नाही. काकूंना विचारलं तर त्या भिडेपोटी गोड बोलतील. तू खोटं बोलत नाहीस. एक कोरी पट्टी सोडली तर. स्वयंपाकघराच्या दारामागे माझं हात पुसायचं फडकं टांगलेलं असतं, त्याचा तुकडा कापून पाठवते. वर काही लिहिलेलं नाही. असेल ते लिही.

तुझी मावशी

१७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पट्टीबद्दल म्हणालीस ते बरोबर आहे. पुन्हा पाठवणार नाही.

फडकं तपासलं. खिडकी लावून घेतली, हात नुसत्या पाण्याने धुतले. आढळलं ते असं. करपलेलं दूध, पुसट. साबण, कुठला एक नाही, वर्षानुवर्षांचे मिसळून एकच झालेले. लोखंडी तवा. उन्हात वाळलेलं सुती कापड. कुबट नाही, आंबट नाही. गॅस नाही. तुझ्या घराला वास मारत नाही. तुलाही नाही.

आणखी एक वास आहे. तो मला फोडून सांगता येत नाही. आई गेल्यावर मला तुझ्याकडे आणलं, तेव्हा तू अशाच फडक्याने माझं तोंड पुसलं होतंस, त्याला तो होता. पुढे शाळेतून आले की जिन्यातच यायचा आणि तू घरी आहेस हे दार उघडण्याआधी कळायचं. तो जसाच्या तसा आहे. कमी झालेला नाही. तो मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

यंत्रावरचं चाचणीचं बटण आठवड्यातून एकदा दाब. ओरडलं तर ठीक आहे, गप्प राहिलं तर मला कळव. पुढच्या शनिवारी मी येते आहे. नवी नळी नीट बसली आहे का, ते बघायचं आहे. नळी हे निमित्त आहे, हे आधीच लिहून ठेवते. ते शोधायला तुला पट्टी पाठवावी लागू नये.

कापडाचा तुकडा परत मागू नकोस.

तुझी
मोजपट्टी