झाकणाच्या आतली तारीख

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीनंच वाच. आईच्या हाती पडू देऊ नकोस, आणि वाचायच्या आधी खाली बस.

रविवारी जुन्या बाजारात हातानं फिरवायचं आणखी एक कॅल्क्युलेटर मिळालं. तू म्हणशील, दातांच्या डॉक्टरानं दात उपटावेत, हे भंगार कशाला गोळा करायचं? म्हण बापडी. हँडल अडकलं होतं, आतल्या तेलाचा डिंक झाला होता. दवाखान्यातल्या बारीक हत्यारांनी तो खरवडायला झाकण उघडलं, तर आत बाबांची खूण! गोलात तीन रेघा. दुरुस्ती झाली की ते झाकणाच्या आतून ही खूण आणि तारीख कोरायचे, हे तूच मला सांगितलंस. आजवर इतकी यंत्रं उघडली ती या खुणेसाठीच. आनंदानं ओरडलो, मग तारीख वाचली.

ताई, बाबांची बोट बुडाली त्यानंतर दोन वर्षांची तारीख आहे. भिंग लावून पाहिलं, तीच. त्यांचा देह कधी सापडला नव्हता ना? म्हणजे हा माणूस कुठेतरी आरामात यंत्रं दुरुस्त करत बसला होता आणि आपल्याला वाऱ्यावर सोडलं होतं? काल मी एकाची धडधाकट दाढ उपटणार होतो, नर्सनं हात धरला म्हणून वाचला बिचारा.

तुला काही माहीत होतं का? लगेच लिही. लोभ कमी करू नकोस, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा,
धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून मला गुपित सांगतोस, कमाल आहे तुझी! पत्र वाचता वाचता मी मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हणाले. आईनं एकदाच विचारलं, काय झालं, आणि मी सगळं ओकून टाकलं.

वाटलं, ही आता कोसळणार. तिनं उलट विचारलं, की रेघा उभ्या आहेत का कललेल्या. मग खिळा घेतला आणि डाव्या हातानं डब्याच्या बुडावर गोल काढून तीन तिरप्या रेघा मारल्या. म्हणाली, त्यांच्या रेघा उभ्या असायच्या, माझ्या डावरीच्या कलतात; ते यंत्र मीच दुरुस्त केलं होतं.

अरे, बाबा गेल्यावर त्यांचे भागीदार काका ऑफिसांतून यंत्रं आणायचे, आणि आपण शाळेत गेलो की ही स्वयंपाकघरात ती उघडून बसायची. बाबांना दिवा धरता धरता शिकली होती. बाईच्या हाती यंत्र कुणी दिलं नसतं, म्हणून काका सांगायचे की दुकानात नवा माणूस ठेवलाय. गिऱ्हाईक खुणेवर विश्वास ठेवायचं, म्हणून खूण तीच राहिली. तिच्या हातांना यंत्रं धुवायच्या रॉकेलचा वास यायचा, तो आपल्याला स्टोव्हचा वाटायचा!

सांगितलं का नाहीस, म्हणून मी भांडले. तर म्हणते, तुम्ही पोटभर जेवत होतात, त्यात सांगायचं काय? एका घरात राहून मला माझी आई कळली नव्हती रे. रेघा कललेल्या आहेत का, तेवढं बघून कळव. आणि तोवर कुणाच्या दाढेला हात लावू नकोस.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रेघा कललेल्याच आहेत. तू बसवलेली एकही स्प्रिंग ढिली नाही. डिंक काढल्यावर हँडल लोण्यासारखं फिरलं. बाबांनी आपल्याला टाकलं नव्हतं, हेही कळलं. आता मी खूश व्हायला हवं.

पण आई, त्या आठवड्यात मी बाबांना शिव्यांची लाखोली वाहत होतो आणि रस्त्यात दिसेल त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. दवाखान्यात एक आजोबा आले, त्यांना तोंड उघडा म्हणायच्या आधी नाव विचारलं, गाव विचारलं. ते वैतागले. बाबा भेटले असते तर मी त्यांना काही म्हणणार नव्हतो. आधी घरी आणलं असतं.

परवा ताईचं पत्र वाचलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. बोट बुडाली तेव्हा मी लहान होतो, तुम्ही सगळे रडत होतात आणि मला काही कळत नव्हतं. आई, माझे बाबा परवा गेले. तू इकडे ये.

तुझा,
धाकटा