एकेचाळीस न जेवलेली जेवणे

सोमवार, दि. १२ फेब्रुवारी २००१, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. नाशिक, गंगापूर रोडवरील रुग्णालयात तपासणी खोलीबाहेरच्या बाकावर बसलो आहे. मांडीवर जेवणाचा डबा आहे, तो उघडलेला नाही. त्यावरच कागद ठेवून लिहीत आहे.

मी, राजेंद्र सहादू भांबारे, वय बावीस, धंदा पैठणी विणणे, राहणार येवला, शिक्षण आठवी पास व नववी अर्धी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते फक्त जेवताना थोडा वेळ ठिकाणावरून जाते, आणि आत्ता मी जेवत नाही.

लिहिण्याचे कारण असे. तेराव्या वर्षापासून मला जेवताना झटका येतो, बहुतेक वेळा भातावर. हात वाटेतच थांबतो, नजर एका जागी खिळते, घास पडतो. विणताना, चालताना, झोपेत कधीच येत नाही. घरच्यांना हे नखरे वाटले. म्हणून मी पंगतीला बसणे सोडले, पुढे जेवणच सोडले. सोळाव्या वर्षी माझे वजन चौतीस किलो होते. डॉ. माजिदा खान अशाच मुलांवर संशोधन करतात, ज्यांना हा दुर्मिळ आजार आहे आणि त्याच्या भीतीने ऐन वाढीच्या वयात ज्यांचे अन्न सुटले. आम्ही सात जण आहोत. परवा मला डोक्याला तारा लावून कॅमेऱ्यासमोर जेवायचे आहे. संमतीपत्रात ‘क्वचित जीवितास धोका’ असे छापले आहे. बाकी सहा जणांच्या घरच्यांनी न वाचता सह्या केल्या. मी विचारले, क्वचित म्हणजे किती. डॉक्टर म्हणाल्या, “रस्ता ओलांडण्याइतका.” मी नुकताच एसटी स्टँडजवळचा, सीबीएसचा चौक ओलांडून आलो होतो, त्यामुळे धीर आला नाही.

कलम १. हातमाग, दोन धोटे आणि रेशीम गुंडाळलेल्या तिल्ल्यांची पेटी आई सगुणाबाई हिला. माग भाड्याने द्यावा, विकू नये. तिल्ल्या रंगवार लावल्या आहेत, त्या कोणीही आवरू नयेत.

कलम २. बँकेतील सहा हजार दोनशे रुपये बहीण पल्लवी हिला. तिने शिलाई मशीन घ्यावे, असा माझा आग्रह आहे. ती टीव्ही घेईल, असा माझा अंदाज आहे.

कलम ३. बारकूमामांची डाव्या पायाची चप्पल त्यांना सन्मानाने परत करावी. झटका आला की मला हुंगवायला ती सात वर्षे आमच्या घरी ठेवली होती. तेवढी वर्षे उजव्या चपलेचे काय केले, हे मामांनी कधी सांगितले नाही. “गुण येतो ना पण?” असे ते म्हणत. मामा, झटका दोन मिनिटांत आपोआप जातो. चप्पल नसली तरी जातो.

कलम ४. औषधाची वही डॉ. माजिदा खान यांना, पुढील खुलाशासह. १ डिसेंबर ते ३१ जानेवारी मी नवी गोळी घेतली आणि रोजच्या दोन जेवणांची नोंद केली. पहिला आठवडा खरा आहे. मग एका रात्री पल्लवीने ‘झटका नाही’ हे आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, “आता माझं पोरगं चारचौघांत बसून जेवंल. लय दिवस झाले.” त्यानंतर ज्या जेवणाला भीती वाटली, ते मी जेवलो नाही. ताट मागच्या दाराने गाईला घातले आणि वहीत ‘भात एक वाटी, झटका नाही’ असे लिहिले. असे एकेचाळीस वेळा केले. डॉक्टरांनी माझी वही सगळ्यांना दाखवली. “बघा, हळदीचा एक डाग नाही,” म्हणाल्या. डाग कुठून पडणार? हे माझ्या पश्चात वाचावे आणि मला माफ करावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी दीड वाजता.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मृत्युपत्राला जोडावा, असे मला कोणीतरी सांगितले होते. वाटले, डॉक्टर फक्त शेवटच्या पानावर सही करतील. त्या खुर्ची ओढून पहिल्यापासून वाचायला बसल्या. “न वाचता सही करायची नाही, हे तुझ्याकडूनच शिकले,” म्हणाल्या. चपलेपाशी हसल्या. कलम चारपाशी हसू थांबले.

“राजेंद्र, हे मला तू मेल्यावर कळणार होतं?”

“हो मॅडम. परवा.”

“आणि परवा तू मेला नाहीस तर?”

याचा विचार मी केलेला नव्हता.

त्यांनी दार उघडून बाकाकडे बोट केले. तिथे मनमाडची सविता, वय तेरा, वडील भिमाजी यांच्याजवळ बसली होती. आम्हा सातांत ती सर्वांत लहान. “तुझ्या वहीच्या भरवशावर मी आज तिची जुनी गोळी बंद करणार होते,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या गोळीवर ती रोज अर्धी भाकरी तरी खाते. नवी लागू पडली नाही, तर तेवढं खाणंही सोडेल.”

मी पिशवीतून वही काढली. एकेचाळीस ओळींवर लाल रेघ मारली आणि प्रत्येक ओळीपुढे सही करू लागलो. “आद्याक्षरं चालतील रे,” डॉक्टर म्हणाल्या. मी पूर्ण सह्या केल्या. मग सविताला आणि तिच्या वडिलांना आत बोलवायला सांगून डबा उघडला.

“दादा, भाकर खा ना आधी,” सविता म्हणाली. “भात राहू दे.”

मी म्हटले, नोंद भाताचीच हवी.

पुढचे मला इतरांनी सांगितले. सहाव्या घासाला हात थांबला आणि घास डॉक्टरांच्या टेबलावर पडला. भानावर आलो तेव्हा सविता माझ्याकडे टक लावून बघत होती.

“मी पण अशीच दिसते?”

“अशीच,” भिमाजी म्हणाले.

“पण मी एवढं सांडत नाय,” ती म्हणाली, आणि डब्यातली भाकरी मोडून घेतली. डॉक्टरांनी तिची जुनी गोळी चालू ठेवली आहे.

सबब कलम ४ रद्द. वही मी हयातीतच दिली. आता या मृत्युपत्रातून डॉक्टरांना काही मिळत नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात. कलम १ ते ३ कायम.

सही: राजेंद्र सहादू भांबारे
(झटक्यानंतर हात जड असल्याने वेडीवाकडी आहे. माझीच आहे.)

साक्षीदार:
१. डॉ. माजिदा खान. अर्धा तास थांबून तपासले. डोके ठिकाणावर आहे.
२. भिमाजी बहिरू गांगुर्डे, मनमाड.

नाशिक, १२ फेब्रुवारी २००१

वहीचा हिशेब: एकूण नोंदी १२४. खोट्या ४१. खऱ्या ८३. आजची नवी: दुपार, भात सहा घास, झटका आला.