सोळा कोपऱ्यांचं भांडण

२ तारीख
मी मूळचा शांत माणूस. आज दादाच्या कपाळाला कंपासपेटी लागली, कारण तो मध्ये आला. (खरं लिहायचं तर फेकली त्याच्याच दिशेने.) त्याने माझा हात पिरगाळला. कॉलेजात गणित शिकवणाऱ्याचा उजवा हात! दादा खाली राहतो, गॅरेज चालवतो. मी वरच्या मजल्यावर. आईने ट्रंक भरली आणि ताईकडे गेली. म्हणाली, दहा तारखेला अकरा वाजता येते. तेव्हाही भांडत असलात तर कायमची ताईकडे.

३ तारीख, दुपार
उपाय सापडला. हायपरक्यूब. चौरसाला कोपरे चार, घनाला आठ, चार दिशांच्या घनाला सोळा. आमचे वादही चारच: गेटला कुलूप की उघडं, पंप बंद की चालू, जिन्यातला दिवा बंद की चालू, अबोला की बोलणं. सगळ्या शक्यता सोळा. कागदावर ग्राफ काढला: प्रत्येक शक्यता म्हणजे एक कोपरा. रेषेवरून एक पाऊल टाकलं की एकच गोष्ट बदलते. आज आम्ही सगळ्यात वाईट कोपऱ्यात आहोत. शांतता चार पावलांवर.
नियम केला: उद्यापासून रोज एक आणि एकच बदल, आळीपाळीने. वहिनीच्या हातून दादाला लेखी पाठवला. बायको म्हणाली, सरळ सॉरी म्हणा की. तिला ग्राफ कळत नाही.

४ तारीख
पहिला मान माझा. जिन्यातला दिवा लावला. जिन्याला खिडकी नाही, भरदुपारीही तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

५ तारीख
दादाने गेटचं कुलूप काढलं. किल्ली न शोधता, घणाने. बदल एकच, म्हणून ग्राह्य.

६ तारीख
मी बोलणं सुरू केलं. पहिला शब्द जरा कडक गेला. त्याने मुस्काटात मारली, मी चावलो. पण मारामारी करताना दोघेही अखंड बोलत होतो, त्यामुळे अबोला संपला असंच धरतो. तीन पावलं झाली!

७ तारीख
दादाने जिन्यातला बल्ब हातोडीने फोडला. खाली मी उभा. डोक्यात काचा. वहिनी चिमट्याने काढत म्हणाली, भावोजी, जिन्यात नाही, डोक्यात दिवा हवा असतो. उलटं पाऊल पडलं, तरी नियम पाळला याबद्दल दादाचं मनात कौतुक केलं. मग त्याच्या पायावर कुंडी टाकली. कुंडी ग्राफमध्ये नाही.

८ तारीख
नवा बल्ब लावला. पाना घेऊन चढलो होतो. बल्ब लावायला पाना लागत नाही, हे दादाने बोलून दाखवलं. (पाना कशाला घेतला होता, हे मलाही नीट सांगता येत नाही.)

९ तारीख
दादाने पंप चालू केला! नळाला पाणी. गेट उघडं, दिवा चालू, बोलणं चालू. लंगडत वर आला, चहा प्यायला, कंपासपेटीची खोक दाखवून हसला. आईला फोनही केला त्याने.
एकच अडचण. उद्या पाळी माझी. सहा पावलांनी शांततेत पोचलो. सातवं टाकलं की तिच्यातून बाहेर. या ग्राफमध्ये सम पावलांनी गाठलेल्या कोपऱ्यावर विषम पावलांनी कधीच पोचता येत नाही. दादा म्हणाला, अरे मास्तर, उद्या काही करू नकोस, नुसता बस. पण नियम माझा. मीच मोडला तर त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

१० तारीख, सकाळी १०:५०
सगळ्यात निरुपद्रवी बदल निवडला. जिन्यातला दिवा बंद केला. दिवसाउजेडी कोणाला कळणार?

१० तारीख, दुपारी ४, दवाखाना
दादा आईची ट्रंक खांद्यावर घेऊन जिना चढत होता. आधी ट्रंक खाली आली, मग दादा, मग त्याचे दोन दात. सूड उगवलास म्हणाला. मी समजावायला खाली उतरलो. सम-विषमपर्यंत आलो होतो, तेवढ्यात त्याने ट्रंकच उचलून घातली. उजवा हात मोडला. मीही लाथ मारली, पण सैद्धांतिक मतभेदातून.
आई गेटात उभी होती. आली त्याच गाडीत बसली.

१४ तारीख
डाव्या हाताने लिहितो आहे. गेट बंद, पंप बंद, दिवा बंद, अबोला. बायको जेवायला खाली वहिनीकडे जाते.
ताईकडून आईचा निरोप आला: आधी तो कागद जाळ, मग बघू.
विचार केला. आईचं म्हणणं रास्त आहे. पण कागद आहे की जाळला, ही पाचवी दिशा झाली. कोपरे बत्तीस.
मोठा कागद आणायला हवा.