भिंतीपलीकडचं पाणी

पलीकडचा काठ, ३ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आम्ही जिवंत आहोत. शेजारची सुतारीण नाही.

परवा दुपारी नदी घरात शिरली. पूर्वी पाऊस महिनाभर बसून पडायचा, आता एका दुपारी सगळा ओतून मोकळा होतो. उन्हाळ्यात जी मी चपला न भिजवता ओलांडली, तिने आमची मागची भिंत एका धक्क्यात उपटली. तुझ्या दाजींच्या वखारीतले ओंडके सुटले ते गल्लीतली दारं फोडत गेले. सुतारीण त्यातल्याच एकाखाली चेंगरली.

हेच पाणी आधी तुझ्या काठच्या दलदलीत पसरून निजायचं. ती बुजवून तू वीटभट्टी थाटलीस, पुढे भिंत घातलीस. आता सगळं आमच्या अंगावर येतं. इथले लोक पहारी परजतायत आणि सगळ्यांच्या पुढे तुझे दाजी आहेत. ते येण्याआधी तूच भिंतीला खिंडार पाड, राजा. लहानपणी चिखलाचे बांध तूच बांधायचास आणि तूच लाथेने उडवायचास. तेवढंच करायचं आहे.

लोभ आहेच, तो बुडू देऊ नकोस.
तुझी ताई

भट्टी, ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुतारणीचं वाचून ताटावरून उठलो. पण ती गेली दाजींच्या ओंडक्याने, माझ्या विटेने नव्हे. वरचा डोंगर कोणी बोडका केला? दाजींच्या टकलावरून पाणी जसं घरंगळतं, तसंच आता त्या डोंगरावरून येतं. डोक्यावर जमलं नाही, निदान डोंगरावर तरी केस उगवा म्हणावं. मग भिंतीचं बघू.

भिंतीमागे माझ्या कामगारांच्या झोपड्या आहेत, लेकुरवाळ्या बाया आहेत. कोणी पहार घेऊन आलं तर मी सळई घेऊन उभा आहे. गर्दीत नाती ओळखू येत नाहीत, हे दाजींना आधीच सांगून ठेव.

गुडघा शेकतेस ना? आळस करू नकोस.

लोभ असू दे, भिंतही असू दे.
धाकटा

पलीकडचा काठ, १७ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहिताना हात अडला, पण लिहिते. अ. उ. आ.

भिंतीपाशी झालेल्या मारामारीत दाजींचा जबडा मोडला, तारेने बांधलाय. दूध नळीने पाजते. सुताराचा एक डोळा गेला. तुझ्या भिंतीचा मात्र टवकाही उडाला नाही.

मी दाजींना विचारलं, समोर कोण आहे ते कळलं होतं का. त्यांनी होय अशी मान हलवली. त्यालाही कळलं होतं का, विचारलं. पुन्हा हलवली. म्हणजे भर सकाळी, एकमेकांना पुरतं ओळखून, त्यांनी तुझी नडगी फोडली आणि तू त्यांचं तोंड.

काल मी वखारीत गेले, घण उचलला आणि मोठ्या करवतीचे दाते ठेचून काढले. दाजी दारात उभे होते. ओरडायला जबडा नव्हता, हे माझं नशीब. आता डोंगरावर करवत चालायची नाही. पण झाडं वाढायला माझा जन्म पुरणार नाही, भिंत एका दिवसात पडते. लोक आता तुझ्या झोपड्या पेटवायचं बोलतायत, आणि डोंगरावर सकाळपासून काळं भरून आलंय.

माझ्या घरचं मी ठेचलं. तुझं राहिलं.

लोभ कुणावर ठेवावा, तूच सांग.
ताई

टेकाडावरची शेड, २० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बायापोरांना आधी इथे वर आणलं. मग लंगडत भिंतीवर चढलो. पहार दाजींचीच घेतली, त्या दिवशी तिथेच पडली होती. माणूस शिरेल एवढं खिंडार होताच नदीने उरलेलं काम माझ्या हातातून हिसकावून घेतलं. भिंत फाटली, झोपड्या काड्यांसारख्या मोडल्या, हंगामभराच्या कच्च्या विटांचा बघता बघता चिखल झाला. धुराडं आडवं पडलं तो आवाज तुला तिकडे ऐकू गेला असेल. एक कामगार पाण्यात ओढला गेला होता, त्याला केसांना धरून काढला.

आता जिथे भट्टी होती तिथे पाणीच पाणी आहे. पसरून निजलंय, तू म्हणतेस तसं.

दाजींची पहार वाहून गेली, नवी घेऊन देईन म्हणावं. लोभाचं मागाहून बघू. पाणी तुझ्या उंबऱ्याबाहेर थांबलं का, एवढंच आधी कळव.

धाकटा