रिठ्याच्या पाण्यातला वास

कारंजा, रवि. ४ मार्च ५६
वसंतभाऊजी नागपूरचं कॉलेज सोडून आले ते आलेच. माझ्या धाकट्या जावेला, कुसुमला, जाऊन वर्ष झालं, अजून भाऊजींचं ताटावर लक्ष नाही. आज मात्र माझ्या रिठ्याच्या मडक्यापाशी बसून राहिले. "वहिनी, सोवळं साबणानं काहून नाही धुवत?" म्हटलं, साबणात चरबी. हसले. किती दिवसांनी.

मंगळ. ६
भाऊजींच्या पेटीतल्या दोन बाटल्या निघाल्या. दोन्ही तेलं. एकाला कडू बदामाचा वास. साध्या पाण्यात हलवली, वर तरंगली. रिठ्याच्या पाण्यात हलवली तर सगळं दुधासारखं. "फेसात इवली इवली घरं असतात, वहिनी. पाण्याले भिऊन दोन्ही तेलं त्यात शिरतात, अन् तिथंच एक होतात. सरांनी मले येड्यात काढलं होतं." साधलं तर कॉलेजात परत घेतील म्हणे. मी गणपतीला नारळ बोलले.

गुरु. ८
त्यांनी स्वतः रिठे भिजवले, काही झालं नाही. माझ्या मडक्यातलं पाणी घेतलं तर दुपारपर्यंत तळाशी फिकट पिवळे खडे, त्यांना हवे होते तसेच. "तुमी यात काय टाकता?" काही नाही म्हटलं. खरंच सुचलं नाही.

शनि. १०
भाऊजींच्या खोलीच्या दारातच मी थबकले. वाळक्या बकुळीचा वास. कुसुम लुगड्यांच्या घडीत ठेवायची, तोच. भाऊजी डोळे मिटून बाटलीपाशी. "वहिनी, आली." कोण ते विचारलं नाही. ह्यांना सांगितलं. "औषधाचा वास असन. तू आपलं देवाचं पाह्य."

मंगळ. १३
सरांना लिहायचं पत्र तसंच. दिवसभर खोलीचं दार लावून. जेवायला हाक मारली तर आतून, "दोन ताटं वाढा." वाढली. का वाढली कोण जाणे. एकच रिकामं आलं. दुसऱ्यातल्या भाताला कुणी हात लावला नव्हता, पण...

बुध. १४
राखेची निवळी! कपाशीच्या पऱ्हाटीच्या राखेवरचं नितळ पाणी रिठ्यात घालते, मळ लवकर सुटतो. इतकी रोजची गोष्ट, म्हणून आठवली नाही. खडे अन् वास त्या निवळीमुळेच होत असावेत. सांगितलं तर भाऊजींना नागपूर मिळेल. पण मग ते त्या खोलीतून उठतील का? न घातली तर नागपूरही गेलं, वासही गेला. देवा, माझ्या हाती कशाला दिलंस.

शुक्र. १६
नवं मडकं, नवे रिठे. निवळी नाही. भाऊजींनी तीनदा हलवलं. तळाशी काही नाही, वास नाही. लहान पोरासारखे रडले. संध्याकाळी आपणहून पाटावर बसले, दोन भाकरी खाल्ल्या. "नाही जमलं, असंच लिहितो सरांले." मी मान खाली घालून वाढत होते. पाप माझं.

सोम. १९
भाऊजी पत्र टाकायला गेले. दोन्ही बाटल्या बुचं घट्ट करून फडताळात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला. खोली सारवली. मग सोवळं नव्या मडक्यात बुडवलं. फेस वर आला आणि बकुळ. हात धुतले, पुन्हा तोच. तळाशी चाचपलं. बोटांना खडे लागले, बारीक, साखरेएवढे.
निवळी घातली नव्हती. तेलाचा थेंब नव्हता.
ओसरीवर चपला वाजल्या. मडक्यावर परात झाकली. भाऊजी दारातच थांबले, नाक वर करून.
"वहिनी, घरात कोणी आलं काय?"
नाही म्हटलं.
परात अजून काढलेली नाही.