गच्चीवरचा अँटेना

३ फेब्रुवारी, मंगळवार

केबल तोडली! मला विचारलं नाही, स्वतःच्या मुलाला विचारलं नाही. मी सकाळी फाइल लावून बसले होते, तर लाइनमन दारात उभा राहून केबलवाल्याला सांगतोय — "घेऊन जा तुझा डबा. हवेतून फुकट येतं ते तुझ्याकडून विकत कशाला घेऊ?"

लाइनमन म्हणजे माझा सासरा. तोंडावर अहो-जाहो आणि बाबा-बाबा चालूच असतं. इथे नाही म्हणणार. वही चुगली करत नाही.

चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला. सासूबाई सप्टेंबरात गेल्या, तेव्हापासून आमच्या दोन खोल्यांत आहे. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि टेबलाच्या समोरच त्याचा टीव्ही. सकाळी सहाला बातम्या सुरू, त्याही भिंत हलेल एवढ्या मोठ्याने. वर स्वतःची टीका. "बघ, बघ, काय बोलतोय गाढव!" — हे मला, हेडफोन लावलेला असताना, खांद्यावर टिचकी मारून.

मला क्षणभर वाटलं, चला, पीडा गेली. कसली जाते! गच्चीवर अँटेना लावणार आहे. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्ची डोक्यावरच. एकदा लावला की जन्मभर फुकट.

मग माझाही तोल गेला. म्हटलं, बाबा, माझं काम ऐकण्याचं आहे. सुनावण्यांची रेकॉर्डिंग येतात. माणसं पुटपुटतात, खोकतात, एकमेकांवर बोलतात, आणि मला शब्दन् शब्द टाइप करायचा असतो. जे ऐकू आलं तेच, पदरचं काही नाही. नाहीच कळलं तर कंसात 'अस्पष्ट'. एजन्सीच्या बाईंनी काल फोनवर सुनावलं, "तुमच्या फायलींत अस्पष्टच फार आहे. वीस तारखेपर्यंत बघते. सुधारलं तर पक्कं काम, नाहीतर दुसरी मुलगी बघते." लग्नानंतर बारा वर्षांनी स्वतःचं म्हणावं असं हे एक टेबल मिळालंय मला!

"मग मी काय तोंडाला कुलूप लावून बसू?" — लाइनमन.

"बसा! तुम्ही घरात असलात की माझं काम होत नाही!"

बोलले. बरं वाटलं. चपला घालून तो बाहेर निघून गेला, दार मात्र आपटलं नाही. एवढं एक नशीब.

४ फेब्रुवारी, बुधवार

अँटेना आला. माशाच्या काट्यासारखा दिसतो. सोबत लोखंडी पाइप, काळ्या वायरचं भेंडोळं आणि दुकानातला अँटेनावाला. वर जाण्याआधी लाइनमनने माझ्या हातात रिमोट दिला आणि प्रवचन झोडलं. "मी वर फिरवणार, तू आत पडद्यावर बघून सांगायचं. खांबावरच्याने आत स्विचपाशी बसलेल्याचा शब्द मोडायचा नाही. आतून 'बंद' म्हणाले की बंद, 'चालू' म्हणाले की चालू. स्वतःचं डोकं चालवलं की मेला." मला कशाला ऐकवतो? मी काय खांबावर चढणार आहे?

दोघं वर गेले. थोड्या वेळाने न्हाणीघराच्या खिडकीतून हाक — "आलं काऽऽ?"

पडद्यावर 'सिग्नल नाही'. खरंच नव्हता. पाइप कुरकुरला. पुन्हा हाक. आता सगळं चौकोन चौकोन होऊन गोठलेलं. "नाही आलं!" वरून बारीक टीं-टीं ऐकू येत होतं, कुणाचं घड्याळ बोंबलत होतं कोण जाणे. मग एकदम आलं. बातम्या देणारी बाई, तिच्या साडीच्या काठासकट. रिमोटने शोधायला लावलं तर चौदा चॅनेल! आरशासारखं स्वच्छ.

"आलं काऽऽ?"

मी टेबलाकडे बघितलं. अर्धी राहिलेली फाइल. वीस तारीख.

"नाही आलं!"

वर एकदम शांत. तेवढं ते टीं-टीं चालू. मग अँटेनावाला काहीतरी बोलला, लाइनमन काहीतरी बोलला, आणि अँटेनावाला जिना उतरून गेला. लाइनमन वरच. चार वाजेपर्यंत! माझ्या दोन फायली झाल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नाही आलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझं मलाच नवल वाटतं. खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, आणि आता कसं सराईतासारखं तोंडातून निघतं! लाइनमन जेवण करून अकराला वर जातो, चारला खाली येतो. पहिले दोन दिवस दर दहा मिनिटांनी हाक होती. आता चार वाजता एकच. दमला असेल.

खाली आला की टीव्हीपाशी उभा राहतो. त्याची सोय मी करून ठेवलीय. वायरची पिन टीव्हीच्या मागे अर्धी बाहेर ओढून ठेवते. पडदा निळा. तो दोन मिनिटं बघतो, मान हलवतो आणि चहा मागतो. चाळीस वर्षं तारा जोडल्या या माणसाने, आणि पाठीमागची पिन बघायचं सुचत नाही! असल्या लोकांच्या हातात अख्ख्या गावाची वीज होती.

वर अनवाणी फिरतो. चपला जिन्यात काढून ठेवतो, देवळात निघाल्यासारखा, आणि खाली येताना काळे तळवे घेऊन माझ्या पुसलेल्या फरशीवर ठसे उमटवतो. विचारलं, चपला का नाही घालत? म्हणे, "वाजतात." वाजेनात का! गच्चीवर कुणाची झोपमोड होणार आहे?

आणि चहाचा कप हातात घेऊन रोज तोच टोमणा — "झालं का काम?" जणू मी दिवसभर पाय पसरून बसले होते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज पकडलीच गेले असते. नवरा घरी. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली, मग म्हणाला, "मागे बघतो, काहीतरी सैल असेल." टीव्ही पुढे ओढायला लागला. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

लाइनमन खेकसला — "हात लावू नको! काडीची अक्कल नाही विजेची! वर वायरीतच दोष आहे. मी बघतो."

नवरा हिरमुसून बाजूला झाला. म्हाताऱ्याच्या आडमुठेपणामुळे मी वाचले. पहिल्यांदाच त्याचा काहीतरी उपयोग झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचा फोन. गेल्या सहा फायलींत मिळून 'अस्पष्ट' फक्त नऊ. "घर बदललंत की काय?" म्हणाल्या. आज एक कठीण होती. म्हातारी साक्षीदार, दात नसावेत, वर पंख्याचा घरघराट. तीनदा, चारदा मागे नेऊन ऐकलं आणि सगळी उतरवली. शेवटी ती हळूच म्हणते, "पाणी मिळेल का?" कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी तेही टाइप केलं. इतकं शांत होतं घर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बिचारा वगैरे वाटून घ्यायचं नाही. ठरवलंय. सकाळी सहाच्या बातम्या आठवायच्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ऊन वाढलंय. लाइनमनचं नाक सोललंय. टोपी न्या म्हटलं तर म्हणाला, "खांबावर कोण टोपी घालत होतं?" मर मग.

१६ फेब्रुवारी, सोमवार

खालच्या मजल्यावरचा निवृत्त मास्तर जिन्यात भेटला. हसून हसून बेजार. "काय हो, तुमच्या सासऱ्यांचा उपग्रह सुटला की नाही?" पूर्ण इमारतीत हाच विषय. सकाळी नणंदेचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता, तीही खिदळली. "बाबा, अख्ख्या तालुक्याला लाइन दिलीत आणि घरचा एक अँटेना लागेना?"

मला वाटलं, आता भडकेल. कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलेलं त्याला खपत नाही. सासूबाई एकदा फ्यूजवरून काही बोलल्या तर दोन दिवस जेवला नव्हता. आज नुसता म्हणाला, "वय झालं. हाताला पूर्वीसारखं कळत नाही." आणि अकराला वर.

मला हसू यायला हवं होतं. भाजी करपली, त्यामुळे डोकं फिरलं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवरा रात्रीच्या जेवणानंतर ताटं आवरताना म्हणाला, "बाबांचं काही खरं नाही. दिवसभर उन्हात त्या पाइपाला धरून उभे असतात. इथे करमत नाही त्यांना. ताई म्हणते माझ्याकडे पाठवा, तिच्याकडे मोठा टीव्ही आहे. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! एका शब्दात संपवता आलं असतं. पिन आत ढकलायची आणि "अय्या, आलं की!" म्हणायचं. म्हातारा घरात राहिला असता. टीव्हीही राहिला असता.

"पाठवू या," म्हटलं. "त्यांच्याच भल्यासाठी."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पक्कं!!! बाईंनी स्वतः फोन केला. एक तारखेपासून रोजच्या फायली माझ्या. मी खुर्चीतून उठून खोलीत एक गिरकी मारली, खरंच मारली. सांगायला घरात कुणी नव्हतं.

चारला लाइनमन खाली आला. "झालं का काम?"

"झालं. पक्कं झालं." टोमण्याला टोमणा. आता बोला!

तो म्हणाला, "मग झालं." आणि आतल्या खोलीत जाऊन बॅग काढली. नवऱ्याने अजून विषयही काढला नव्हता. नणंदेनेच फोन करून सांगितलं असणार, पोटात काही राहत नाही तिच्या. मी वाद होईल म्हणून पदर खोचून तयार होते. वाद नाही, आदळआपट नाही, काही नाही. फुसका बार.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेला. दोन बॅगा, सासूबाईंचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून. रिक्षात बसताना नवऱ्याला म्हणाला, "अँटेना काढू नकोस. राहू दे तसाच. आणि फिरवू नकोस."

लागत नाही तो अँटेना ठेवून काय पूजा करायची? मनात म्हटलं. मलाच ठाऊक की लागतो!

मला काही म्हणाला नाही. वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखा, जरा जड.

२३ फेब्रुवारी, सोमवार

घर माझं. सकाळपासून एक आवाज नाही. सव्वादोन फायली. चार वाजता चहा ठेवला. दोन कप ठेवला, सवयीने. एक ओतून दिला.

आज 'अस्पष्ट' अकरा. लक्ष लागत नव्हतं. रेकॉर्डिंगच वाईट होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अँटेनावाला आला होता, त्याचं सिग्नल तपासायचं मीटर परत न्यायला. बाबांनी चार तारखेपासून ठेवून घेतलं होतं. जिन्यात, चपला काढायच्या जागी, खुंटीवर पिशवीत सापडलं. चालतं का बघायला तो गच्चीवर गेला, मागोमाग मीही; त्याने ते वायरीला लावलं आणि बटण दाबलं. टीं-टीं-टीं-टीं.

"हे वाजलं म्हणजे सिग्नल पकडला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी असंच वाजत होतं, वहिनी, एकदम फुल्ल. मी काकांना म्हटलं, चला खाली, पिन बसली नसेल नीट. तर माझा हात धरून थांबवलं मला. म्हणाले, आतून 'नाही' म्हणतेय ना, मग नाही. तू जा, मी बसतो इथे."

पाण्याच्या टाकीच्या मागे बाबा बसायचे ते स्टूल आहे अजून. पाइपापासून चांगलं दहा पावलं लांब.

खाली येऊन पिन घट्ट बसवली. फोन हातात घेऊन बसले आहे. बाबांना काय सांगू? आलं, म्हणू?