वीतभर कापड

॥ श्री ॥
कुडाळ, २ जुलै २००२

ती. चंद्रावहिनीस,
रूपालीचा सा. न. वि. वि.

नितेश कॉलेजला नीट जातो की बाबाच्या होडीभोवतीच घुटमळतो? दादाचा गुडघा पावसाळ्यात दुखतो, त्याला तेल लावायला सांग. सांगून तो ऐकणार नाही, तरी सांग.

आता खरं काम. फोनवर हे बोलवत नाही, बूथबाहेर चार माणसं कान लावून उभी असतात. आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात सहाव्या-सातव्या महिन्यात जन्मलेली काही बाळं जगत नाहीत. त्यांना आम्ही गॉजमध्ये गुंडाळून घरच्यांच्या हातात देतो, कारण तेवढं लहान कापड कुणाकडेच नसतं. परवा मसुऱ्याचा एक बाप आला होता. त्याने मला विचारलं की, सिस्टर, एवढ्याशाक कापड खंय गावतला? घरी येऊन जेवलेही नाही.

तू मशीनवर झबली शिवतेस. अशी चार शिवून देशील का? मी नऊशे ग्रॅमच्या बाळांबद्दल बोलते आहे. तुझ्या घरात एक्याऐंशी साली काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून आठ दिवस लिहू की नको करत होते. रागावलीस तरी पत्राला उत्तर दे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
रूपाली

॥ श्री ॥
विजयदुर्ग, ९ जुलै २००२

चि. रूपालीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावले तर होतेच. पोटुशी बाई घरात असली तर आपण येणाऱ्या जिवासाठी सुईत दोरासुद्धा ओवत नाही, आणि तू मला गेलेल्या जिवांसाठी शिवायला सांगतेस! नर्स झालीस म्हणून काय झालं, जीभ अजून दहा वर्षांच्या पोरीचीच आहे. दोन दिवस पत्र डब्याखाली दडपून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मशीनला तेल घातलं.

नऊशे ग्रॅम म्हणजे किती ते मला तराजूशिवाय कळतं, जन्म मासळी तोलण्यात गेला. पण यासाठी हातात मासळी धरवेना. नऊशे ग्रॅम तांदूळ पिशवीत बांधले आणि त्या मापाची चार झबली बेतली. कापडापाशी मात्र अडले. जन्मलेल्या बाळाला पहिलं कापड जुनं घालायचं, गेलेल्या माणसाला कोरं. जो आला आणि लगेच गेला त्याला काय घालायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी कोऱ्या मांजरपाटाची शिवली. एस.टी.च्या कंडक्टरकडे पुडकं दिलं आहे.

विषय निघालाच आहे तर लिहिते. माझा मुलगा दुपारी जन्मला आणि दिवेलागणीला गेला. तुझ्या दादाने त्याला उचलून नेलं, आणि कुठे नेलं ते आजवर सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. भीती एकच होती, याने त्याला खाडीत तर सोडलं नसेल ना? त्या वर्षी मी मासे का खात नव्हते, ते तुम्हा सगळ्यांना कोडं होतं. एकवीस वर्षं मी तीच मासळी विकते आहे आणि मनात तेच घोळतं आहे. मला फक्त एवढंच कळायला हवं आहे, तो आहे कुठे आणि कशात गुंडाळून गेला.

नितेश होडीभोवतीच घुटमळतो.

तुझीच,
वहिनी

॥ श्री ॥
कुडाळ, २१ जुलै २००२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी वॉर्डच्या मागच्या पायरीवर बसून रडले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. दादा रात्री जेवला नाही आणि आईने मला गप्प बसायला सांगितलं, एवढंच आठवतं. याचं उत्तर त्याच्याजवळच आहे, वहिनी. त्यालाच विचार.

झबली पोचली. शिवण नेहमीसारखी सुरेख, पण माप चुकलं. तांदळाची पिशवी गुबगुबीत असते गो! ही बाळं लांबुडकी आणि काटकुळी असतात. बाह्या तर नकोच, ते हात वळवायला माझं धाडस होत नाही. पुढून सगळं उघडं ठेव आणि दोन बंद लाव.

कापडाचंही ऐक. देवगडकडच्या एका आईला मी तुझं झबलं दाखवलं. तिने बोटांत चुरगळून बघितलं आणि मला परत दिलं. म्हणाली, ह्यां ताका टोचतला. मग आपल्या नेसत्या लुगड्याचा पदर पुढे करून यातलं फाडा म्हणून सांगू लागली. मी फाडलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं असं मला वाटतं.

दादाला विचारलंस की मला कळव. वाट बघते.

तुझी,
रूपाली

॥ श्री ॥
विजयदुर्ग, १९ ऑगस्ट २००२

चि. रूपालीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात बरंच काही घडलं.

तुझं पत्र आल्यावर मी माझं जुनं सुती लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्यातून बारा झबली बेतली. शेजारच्या सुभद्रेने बघितली आणि ह्यां घराक लागतला म्हणून सांगून गेली. मी तिला म्हटलं, लागायचं ते केव्हाच लागून गेलंय, आता बस आणि शिवलेले बंद उलटवून सरळ कर. ती बसली नाही. हरकत नाही, तिची मासळीची उधारी मी अजून चालू ठेवली आहे.

होड्या बंद म्हणून तुझा दादा घरीच जाळी विणत होता. त्याच्या नजरेस ती झबली पडली. हातातलं जाळं टाकून तो जो गेला तो दुपारीच परत आला. मी पान वाढलं नाही. समोर उभी राहिले आणि एकवीस वर्षांचं एका दमात विचारलं, खाडीत सोडलास काय रे त्याला?

तो खालीच बसला, रूपाली. म्हणाला, खुळी काय गो तू. त्याने सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी तो मुलाला तुमच्या आईच्या मांडीवर ठेवून बाजारात कोरं कापड आणायला गेला होता. वीतभर मांजरपाट मागितलं. दुकानदाराला काय माहीत, त्याने सहज विचारलं, वीतभर कित्याक होया, बाहुलेक? तो कापड न घेताच परत फिरला. किल्ल्याच्या अलीकडे उंडीच्या झाडाखाली त्याने मुलाला केळीच्या कोवळ्या पानात ठेवलं आणि माती दिली. अंगावर कोऱ्या कापडाची चिंधीही घालता आली नाही, याची त्याला इतकी लाज वाटली की मला सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

मला आधी राग आला. एकवीस वर्षं मी खाडीकडे बघून जळले, आणि हा माणूस एका दुकानदाराच्या प्रश्नापायी गप्प! तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, चल, दाखव.

आम्ही गेलो. त्याने हाताने माती उकरली आणि मी एक झबलं घडी करून ठेवलं. मला वाटलं होतं तिथे रडेन, पण तिथे नुसतं बरं वाटलं. मुलगा जमिनीत आहे, सावलीत आहे. रडू घरी आलं, चुलीपुढे.

तेव्हा पुडक्यात बाराऐवजी अकराच आहेत. पुढची लवकर पाठवते, आता दोघं मिळून करतो. बंद उलटवायचं काम त्याच्याकडे आहे. जाळ्याच्या सुईने झरझर उलटवतो, आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवतो.

सुखी राहा, जेवत जा.

वहिनी

॥ श्री ॥
कुडाळ, ८ सप्टेंबर २००२

ती. वहिनी आणि ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली आहे. त्यावर काही लिहीत नाही, भेटले की दोघांना मिठी मारेन.

आज एक लिहायचंच आहे. आरोंद्याचं जोडपं होतं, सातव्या महिन्यात जन्मून लगेच गेलेली मुलगी. आई अजून शुद्धीवर नव्हती. बाप दाराशी पाठ करून उभा होता, एरवी सगळे बाप तसेच उभे राहतात आणि मीच सगळं उरकते. आज मला दादा आठवला. मी मुलीला झबल्यात ठेवलं आणि त्याला हाक मारली. काही समजावलं नाही, दोन्ही बंद त्याच्या हातात दिले. त्याची बोटं होडीवाल्याची, जाड होती. घट्ट आवळू काय, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, नको, सैल बांध. बाळ आसा तां.

त्याने सैल बांधलं.

तुमची,
रूपाली